उजव्या डोळ्याचा वांगी

आमच्या रंगकारखान्यात जांभळ्याला नुसतं जांभळा म्हणायची सोय नव्हती. एखाद्या गिऱ्हाइकानं "जांभळ्या रंगात द्या" म्हटलं की मास्तर त्याच्याकडे असं बघायचे, जणू नाव विचारल्यावर त्यानं "माणूस" असं उत्तर दिलंय. मग त्याला खुर्ची द्यायचे आणि चौकशी सुरू. वांगी म्हणायचंय की कोवळं वांगं? अंजिरी की द्राक्ष? बीट, कांदासाल, पारवा, की शाई? थंडीत ओठ होतात तो? की मुका मार? मुका मार असेल तर दुसऱ्या दिवसाचा की चौथ्या?

असे एकूण अकरा जांभळे होते आणि अकराही नावं मास्तरांनी स्वतः ठेवली होती. मुक्या माराची दोन तर त्यांनी स्वतःच्या पायावरून घेतली होती. एकदा टाकीच्या कठड्यावर त्यांची नडगी आपटली, तर औषध लावायचं सोडून ते आठवडाभर रोज सकाळी पँट वर करून निरखत बसले. चौथ्या दिवसाचा रंग पुढे फार खपला. सोफ्याला शोभतो म्हणायचे लोक.

मास्तर म्हणजे माझे सासरे. फाटकाच्या आत मास्तर, फाटकाबाहेर बाबा. बरोबर फाटकात गाठ पडली की मी नुसता खोकायचो. माझं काम लेबलं लिहायचं. रंगवलेल्या कापडाच्या गठ्ठ्याला किंवा सुताच्या लडीला रंगाचं नाव, तारीख आणि वजन लिहून बांधायचं. मला स्वतःला त्या अकरांतले तीनच वेगळे ओळखू यायचे, तेही उन्हात. पण अक्षर बरं होतं आणि मुलगी आधीच देऊन झाली होती, त्यामुळे मास्तरांनी चालवून घेतलं.

कारखान्याची एक रीत होती, आणि ती मास्तरांनीच घातलेली. नमुना समोर ठेवून रंगवायचं नाही. नमुना बघून रंगवणं म्हणजे शेजारच्याच्या पेपरात बघून पास होणं, असं त्यांचं मत. गिऱ्हाइकाकडून नाव ऐकायचं, डोळे मिटायचे, रंग आठवायचा आणि टाकीत उतरवायचा. मग ओल्या कापडाचा कोपरा उत्तरेकडच्या खिडकीशी धरायचा आणि जमलं की म्हणायचं, "हं." एवढंच. या "हं"नंतर मालकीणबाईंनाही बोलायला जागा नसायची. मालकीणबाईंनी दोन वर्षांपूर्वी रंग मोजायचं एक यंत्र आणलं होतं. मास्तर त्यावर सदरा वाळत घालायचे.

तर या मास्तरांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डाव्याची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली होती. पट्टी सुटून घरी आले तेव्हा मी आणि बायको तिथेच होतो. आल्याआल्या त्यांनी भिंत बघितली, बादली बघितली, माझ्याकडे बघून "जावईबापू, तुम्ही काळवंडलात" म्हणाले, आणि मग सासूबाईंकडे बघून थबकले.

"ही निळी शाल कुणाची?"

"माझी," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हीच रंगवलेली. वांगी. चार वर्षं झाली. मी तेव्हाच म्हटलं होतं की ही निळी आहे, तर म्हणालात, तुला रंगातलं काय कळतंय."

मास्तरांनी उजवा डोळा हातानं झाकला आणि डाव्यानं शाल बघितली. मग डावा झाकून उजव्यानं. मग पुन्हा डाव्यानं. सासूबाईंनी चहा आणला, तो निवला. शाल अंगावरून काढून त्यांच्या हातात दिली आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. मास्तर म्हणाले, "उजव्याला निळी दिसते. डाव्याला वांगी. दोघं एकाच नाकाच्या दोन बाजूंना राहतात आणि एकमेकांशी पटत नाही."

मला वाटलं होतं ते घाबरतील. उलट त्यांना चेवच आला. दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात दिसेल त्या गोष्टीकडे ते आधी एक डोळा मिटून बघायचे, मग दुसरा. लड्या धुणाऱ्या बायकांनी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातली सगळ्यात ज्येष्ठ बाई थेट सासूबाईंकडे गेली आणि मास्तर सगळ्यांना डोळा मारत फिरतात असं सांगून आली. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, कुठला? ती म्हणाली, दोन्ही, आळीपाळीनं. सासूबाई म्हणाल्या, मग तसं काही नाही, आणि तरी त्या रात्री जेवताना त्यांनी मास्तरांना ऐकवलंच की तीस वर्षांच्या संसारात त्यांच्या वाट्याला एकसुद्धा आला नव्हता.

रविवारी कारखाना बंद असताना मास्तर मला घेऊन गेले. कुणाला बोलायचं नाही, अशी आधी शपथ घातली. मग अकरा रंगांच्या अकरा लड्या दोरीवर टांगल्या, माझ्या हातात वही दिली आणि पानाचे दोन भाग करायला लावले. एकीकडे डावा, दुसरीकडे उजवा. ते एकेका लडीसमोर उभे राहून बोलत होते आणि मी लिहीत होतो. डावा म्हणतो वांगी, उजवा म्हणतो जवळजवळ शाई. डावा म्हणतो बीट, उजवा म्हणतो वांगी. डावा म्हणतो कांदासाल, उजवा म्हणतो पारवा. थंडीतल्या ओठांपाशी ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, उजव्या डोळ्यानं बघितलं तर हा माणूस गेलेला आहे.

दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. एका बिऱ्हाडानं खोली सोडली की सगळ्यांनी एकेक खोली पुढे सरकावं, तसे अकरांतले दहा रंग निळ्याच्या दिशेनं सरकले होते. फक्त मुका मार चौथा दिवस होता तिथेच होता. मास्तर म्हणाले, तो मुळातच पिवळट, त्याला कुठे जायचंय.

कसं झालं असेल तेही त्यांनीच शोधलं. मोतीबिंदूचा पडदा मळकट पिवळा. त्यातून निळा आत जात नाही. मग टाकीतला रंग फिका वाटायचा आणि मास्तर चमचाभर निळा वाढवायचे. जिभेची चव गेलेला माणूस आमटीत मीठ वाढवत जातो, तसं. वर्षाला एक चमचा. शेजारी नमुना असता, तर तोही तसाच दिसला असता आणि दोन्ही जुळवता आले असते. पण नमुना ठेवायचा नाही, ही रीत.

"कधीपासून, ते बघायला पाहिजे," ते म्हणाले. "जुनं काहीतरी पाहिजे. डोळे धड होते तेव्हाचं."

हे जुनं काहीतरी त्यांना शोधावं लागलं नाही. सोमवारी ते स्वतःच पत्रातून आलं.

आमच्या भागातल्या नाट्यगृहाचा पडदा आमच्याकडूनच रंगलेला. मखमलीचे दोन भाग, मधून उघडणारे, रंग वांगी. वीस वर्षांपूर्वीचे. दोन वर्षांपूर्वी छतावरची पाण्याची टाकी फुटली आणि उजवा भाग कुजला, म्हणून तेवढाच नवा करून दिला. नाव तेच, वांगी, मास्तरांनी "हं" म्हटलं, मी लेबल लिहिलं. दोन वर्षं कुणी चकार शब्द काढला नाही. आता नाट्यगृहाच्या समितीच्या सेक्रेटरी काकूंचं पत्र आलं होतं की पडद्याचा उजवा भाग गेल्या मंगळवारी अचानक निळा पडला आहे.

मालकीणबाई हसल्या. मखमल अशी मंगळवार बघून निळी पडत नाही. पण पुढच्या आठवड्यात उपाध्यक्षांचं पत्र आलं, की पडदा शुक्रवारी सकाळी निळा पडला. मग समितीतल्या एका निवृत्त हेडमास्तरीणबाईंचं, की परवापर्यंत ठीक होता. तीन माणसं, तीन तारखा, आणि तिघंही शपथेवर सांगायला तयार.

मास्तरांनी पत्रं हातात घेतली आणि एकच प्रश्न विचारायला तिघांच्या घरी जाऊन आले. कुठला डोळा, आणि पट्टी कधी सुटली? तिन्ही तारखा जुळल्या. आमच्या इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या आणि भराभर मोतीबिंदू काढत होत्या. नाट्यगृहाच्या समितीत सात जण, सरासरी वय चौऱ्याहत्तर. ज्याचा डोळा उघडेल त्याला पडदा निळा दिसणार, तक्रारी दवाखान्याच्या यादीप्रमाणे येणार, असा सगळा हिशोब मास्तरांनी मला फाटकाबाहेर, बाबा या नात्यानं सांगितला.

मला एकच कळेना. इतर कुणाला कसं दिसलं नाही? त्याचंही उत्तर नंतर मिळालं. नटांना पडद्याची मागची बाजू दिसते, आणि तिथे काळं अस्तर आहे. प्रेक्षकांना दिसत होतं, पण त्यांना वाटायचं की हे मुद्दाम केलंय, आणि न कळल्यासारखं दाखवायला नको म्हणून ते गप्प राहायचे. एकानं तर वर्तमानपत्रात दोन रंगांच्या अर्थाबद्दल लिहिलंही होतं.

मालकीणबाईंनी मास्तरांना आत बोलावलं. शनिवारी अकरा वाजता नाट्यगृहात समितीची बैठक आहे, त्या म्हणाल्या, तिथे दोन्ही भाग बघून तुम्ही सांगा जुळतात की नाही. जुळत नसतील, तर तुमच्या "हं"ला काय अर्थ राहिला? मग पहिल्या तारखेपासून यंत्र "हं" म्हणेल आणि तुम्ही घरी आराम करा. बोलणं गोड होतं, पण मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांनी यंत्रावरचा सदरा काढून त्याची घडी केली आणि काखेत धरून उभे राहिले. तीस वर्षांत त्यांना घरी आराम करायला कुणी सांगितलं नव्हतं. घरीसुद्धा.

शुक्रवारी जेवताना बायकोनं गणित मांडलं. सातांपैकी तिघांचे डोळे झाले. चौघांचे राहिलेत, त्यात खुद्द अध्यक्ष आजोबा. चौघांना पडदा जुळलेलाच दिसतो. बाबांनी नुसतं "जुळतो" म्हटलं की चार विरुद्ध तीन, विषय संपला. सासूबाई म्हणाल्या, अगं, पण अध्यक्षांचं ऑपरेशन कधी? बायकोनं चौकशी करून ठेवली होती. मंगळवारी. म्हणजे बाबांची नोकरी बुधवारपर्यंत पक्की, सासूबाई म्हणाल्या आणि भाजी वाढली.

मास्तर जेवले नाहीत नीट. मला वाटलं नोकरीची काळजी. पण हात धुताना ते मला म्हणाले, "त्या डाव्या भागाच्या शिवणीच्या आत काय रंग असेल हो? तिथे उजेड गेलेलाच नाही वीस वर्षं."

शनिवारी नाट्यगृहात सगळे दिवे लावले, बाजूची दारं उघडली आणि पडदा मिटवला. समिती पहिल्या रांगेत बसली. ज्यांचे डोळे झाले होते ते तिघे एका बाजूला आणि न झालेले चौघे दुसऱ्या बाजूला, मध्ये दोन खुर्च्या रिकाम्या. अध्यक्ष आजोबा म्हणाले, ज्यांची ऑपरेशनं झालीत त्यांना हल्ली सगळंच निळं दिसतं. सेक्रेटरी काकू म्हणाल्या, ज्यांची झाली नाहीत त्यांना काहीच दिसत नाही, अध्यक्ष तर मघाशी माझ्या पर्सला नमस्कार करून बसले. उपाध्यक्षांनी दोघांना शांत राहायला सांगितलं आणि स्वतः पाच मिनिटं बोलले.

मालकीणबाईंनी यंत्र आणलं होतं. ते त्यांनी आधी डाव्या भागाला लावलं, मग उजव्या, आणि जाहीर केलं की फरक नऊ पूर्णांक चार आहे. समितीनं विचारलं, नऊ पूर्णांक चार म्हणजे जास्त की कमी? मालकीणबाई म्हणाल्या, एकच्या आत असला तर जुळलं. मग हे नऊ कशाचे, अध्यक्षांनी विचारलं, आणि हेडमास्तरीणबाईंना जाणून घ्यायचं होतं की शंभरपैकी का. मालकीणबाईंनी यंत्राची पुस्तिका उघडली. पुस्तिकेत ते लिहिलेलं नव्हतं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, यंत्र राहू द्या, मास्तरांना विचारा, ते सांगतील ते खरं.

मास्तर रंगमंचावर चढले. दोन्ही भाग जिथे मिळतात तिथे उभे राहिले. एक डोळा झाकला, मग दुसरा. खाली दुसऱ्या रांगेत माझ्याशेजारी बायको बोटांवर चार विरुद्ध तीन मोजत होती, सासूबाई पिशवीत काहीतरी शोधत होत्या. मास्तर वळले.

"उजव्या डोळ्यानं जुळत नाही. डाव्यानं जुळतो. डावा चुकतोय. आठ-दहा वर्षं दोन्ही चुकत होते आणि 'हं' मी म्हणत होतो."

बायकोनं कपाळाला हात लावला. अध्यक्ष आजोबांना मात्र वेगळंच लागलं होतं.

"म्हणजे मला दिसतंय ते चूक?"

"तुम्हाला मंगळवारपर्यंत बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

अध्यक्ष आजोबा काठी टेकत वर आले. पडद्याला नाक लावून उभे राहिले. मास्तरांना विचारू लागले, मंगळवारनंतर हा असा दिसणारच नाही का? मास्तर म्हणाले, ऑपरेशन झालेल्या डोळ्याला नाही. दुसरा होईपर्यंत दोन्ही बघता येतील, नंतर नाही. अध्यक्षांनी विचार केला आणि खाली समितीला सांगितलं की बुधवारी त्यांची पट्टी सुटेपर्यंत पडद्याला कुणी हात लावायचा नाही. त्यांना तो दोन्ही डोळ्यांनी बघायचाय.

बुधवारी ते दवाखान्यातून परस्पर तिथेच गेले. अर्धा तास एक-एक डोळा मिटत उभे होते, मुलगी बाहेर गाडीत हॉर्न वाजवत होती. बाहेर आल्यावर उरलेल्या तिघांना त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की तिघांनीही दवाखान्यात जाऊन लवकरच्या तारखा मागितल्या. डॉक्टरीणबाईंना म्हणे आजवर एवढ्या उत्साहात कुणी तारीख मागितली नव्हती.

पण हे नंतरचं. शनिवारी बैठकीतून बाहेर पडताना मालकीणबाई मास्तरांच्या शेजारून चालत होत्या. मग म्हणाल्या, मला वाटलं होतं तुम्ही जुळतो म्हणाल. मास्तर म्हणाले, मलाही. मालकीणबाईंनी ठरवलं, की उजवा भाग नव्या मखमलीवर पुन्हा रंगवायचा, मास्तरांनीच, पण नमुना समोर ठेवून. कारखान्यातल्या तीस वर्षांच्या रितीवर ही पहिली कात्री. तो नमुन्याशी जमला, तर पुढचं पुढे. नाही जमला, तर यंत्र आहेच.

मास्तर लगेच आत गेले आणि अध्यक्षांची परवानगी काढून जुन्या भागाच्या खालच्या दुमडीतून हातभर पट्टी कापून घेऊन आले. कारखान्यात खिडकीशी बसून शिवण उसवली. आतली बाजू गडद, ओल्यासारखी, तांबूसपणा असलेली. उजव्या डोळ्यानं बघून ते म्हणाले, हा वांगी. हाच. मी म्हटलं, मग झालं, हाच घाला टाकीत. ते म्हणाले, आणि बाहेरची बाजू? बाहेरच्या बाजूनं वीस वर्षं दिवे खाल्ले होते, धूळ खाल्ली होती. ती वांगी नव्हती. कोवळं वांगं नव्हती, अंजिरी नव्हती, पारवा तर नव्हतीच. पडदा जुळायचा तर या बाहेरच्या बाजूशी जुळायला हवा, आणि हिचं नाव अकरांत नव्हतं.

तीन दिवस ते त्या टाकीपाशी होते. पट्टी टाचणीनं खिडकीच्या चौकटीला लावलेली. एक तुकडा बुडवायचा, वाळवायचा, पट्टीशेजारी धरायचा, आणि खाली टाकायचा. पहिल्या दिवशी एकवीस तुकडे खाली पडले. आयुष्यभर ज्यांना नुसतं नाव पुरलं, ते मास्तर आता मला विचारत होते की हा जास्त मळका वाटतो का, तो जास्त उन्हातला वाटतो का. मी प्रामाणिकपणे सांगायचो की मला दोन्ही सारखे वाटतात. ते म्हणायचे, म्हणजे जवळ आलोय. लड्या धुणाऱ्या बायका जेवणाच्या सुट्टीत येऊन मतं देऊन जायच्या. ती तक्रार करणारी ज्येष्ठ बाई तर दोन्ही डोळे आळीपाळीनं मिटून बघायला लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मालकीणबाई आल्या. मास्तरांनी त्यांच्या हातात दोन तुकडे दिले. त्या खिडकीशी गेल्या, एकमेकांवर ठेवून बघितले, जागा बदलल्या, पुन्हा बघितले. मग जरा चिडून विचारलं, यातला जुना कुठला? मास्तरांनी दाखवला. त्यांनी मान हलवली, तुकडे परत दिले, आणि पहिल्या तारखेबद्दल काही न बोलता ऑफिसात गेल्या. बैठकीपासून त्यांच्या टेबलावर पडून असलेली यंत्राची पुस्तिका त्यांनी कपाटात टाकल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.

दोन दिवसांनी संध्याकाळी अख्खा भाग रंगून, वाळून, घडी होऊन माझ्या टेबलावर आला. मी लेबल पुढे ओढलं, तारीख लिहिली, वजन लिहिलं, आणि विचारलं, नाव काय?

मास्तर खुर्चीत बसले. वांगी नाही, म्हणाले. पेन्शनीतलं वांगं म्हणावं का? नको, अध्यक्षांना लागेल. मळका वांगी नको, समिती तो धुवायला टाकेल. शेवटी म्हणाले, "वापरलेला वांगी."

बारावा जांभळा. मी पेन टेकवलं. मास्तरांनी कापडाचा कोपरा उचलला, उजव्या डोळ्यानं बघितला, मग सवयीनं डाव्यानंही, आणि डाव्यानंच बराच वेळ बघत राहिले.

"थांब," ते म्हणाले. "डावा व्हायचाय अजून. पेन्सिलीनं लिही."